सँटोरिनीत अर्धा दिवस, गाडी आणि गाइड फक्त आपल्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून लहान कुटुंबांच्या परदेश सहली आखून देणं हे माझं काम. ग्रीस म्हटलं की सँटोरिनी येतंच, आणि सँटोरिनी म्हटलं की फोनवर तेच तेच प्रश्न येतात. इथे ते एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत. ती पटली नाहीत तर खुशाल बाजूला ठेवा.

बेट एवढंसं आहे, मग खासगी टूर कशाला? बसने फिरता येत नाही का?

येतं. बेट साधारण ७६ चौरस किलोमीटरचं. मुख्य गावाचं नाव फिरा (मराठी माणसाला याहून स्पष्ट सूचना काय हवी!). तिथल्या स्टँडवरून सगळीकडे बस सुटतात आणि त्या स्वस्तही आहेत. पण प्रत्येक बस फिऱ्यालाच परत येते. म्हणजे दक्षिण टोकाच्या आक्रोतिरीहून उत्तर टोकाच्या ईयाला जायचं तर फिऱ्यात उतरा, थांबा, दुसरी पकडा. जुलै-ऑगस्टमध्ये बस भरून जाते आणि आपण उन्हात उभे. टॅक्सी मोजक्याच आहेत.

तीन-चार दिवस हाताशी असतील आणि पाय धड असतील तर बस आणि पायी हा उत्तम मार्ग. एकच दिवस असेल, किंवा सोबत आई-बाबा असतील, तर पाच तासांची खासगी टूर घ्या. गाडीची ऐट सोडा. आपण पैसे मोजतो ते क्रम ठरवण्याच्या मोकळिकीचे, म्हणजे कुठे कधी पोहोचायचं आणि कुठून कधी निघायचं याचे. या बेटावर एकाच जागी सकाळी आठला आणि दुपारी बाराला गेलात तर दोन वेगळ्या गावांत गेल्यासारखं वाटतं.

‘ड्रायव्हर-गाइड’ आणि ‘लायसन्स्ड गाइड’ यात काय फरक? दोघंही इंग्रजी बोलतातच की.

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे उत्तर वाचा.

ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर आणि संग्रहालयांत माहिती सांगत फिरवण्याचा अधिकार फक्त परवानाधारक गाइडला आहे. त्यासाठी शिक्षण घ्यावं लागतं, आणि पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात असतं. गाडी चालवणारा माणूस कितीही हुशार, गप्पिष्ट, बेटावरच वाढलेला असला तरी तो तुम्हाला फाटकापर्यंतच सोडू शकतो.

हे मी ठेचाळून शिकले. पहिल्यांदा घरच्यांना घेऊन गेले तेव्हा संकेतस्थळावर ‘प्रायव्हेट गाइडेड टूर’ असं ठळक लिहिलेलं होतं. माणूस मोठा लाघवी. आथिनिओस बंदराच्या वळणावळणाच्या घाटात त्याने बाबांना इतकं हसवलं की त्यांना गाडी लागायची राहून गेली. आक्रोतिरीच्या उत्खनन-स्थळाच्या फाटकाशी गाडी थांबली, त्याने दार उघडून दिलं आणि म्हणाला, “तुम्ही बघून या, मी इथे सावलीत आहे.” आत गेलो. वर छप्पर, खाली माती, भिंती, मडकी. आई दहा मिनिटांनी म्हणाली, “खोदकाम चाललंय वाटतं. आपण चुकीच्या दाराने आलो का?” साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तिमजली घरांसमोर आम्ही उभे होतो आणि आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. दोष त्याचा नव्हता. विचारायला हवं ते मी विचारलं नव्हतं.

तर बुकिंगआधी लेखी विचारा: “आक्रोतिरीच्या आत आमच्यासोबत परवानाधारक गाइड येणार आहे का? त्याचे पैसे या रकमेत आहेत का?” उत्तर गोलमोल आलं तर गाइड नाही असं समजा. आणि फक्त गावं, समुद्र, फोटो एवढंच हवं असेल तर बोलका ड्रायव्हर पुरेसा आहे, गाइडचे जादा पैसे घालू नका.

खर्च साधारण कसा पडतो?

दर माणशी नसून बहुधा गाडीमागे असतो, त्यामुळे दोघांना महाग आणि सहा-सात जणांना परवडणारा. हंगामात अर्ध्या दिवसाच्या गाडीला काही शे युरो लागतात. परवानाधारक गाइडचं मानधन वेगळं. स्थळांची तिकिटं, वाइनची चव, जेवण हेही बहुतेक वेळा वेगळं असतं. म्हणून ‘एकूण किती’ असं न विचारता ‘यात काय काय नाही’ असं विचारा. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये दर उतरतात.

चार तास, पाच तास की आठ?

पाच. चारमध्ये आक्रोतिरी आणि ईया दोन्ही धरलं तर धावपळ होते. आठ तासांत माणसं थकतात आणि शेवटच्या दोन जागा कुणालाच आठवत नाहीत.

पाच तासांत नेमकं काय बघून होतं?

दोन क्रम सांगते. तुम्ही बेटावर मुक्कामाला असाल तर सकाळी आठला थेट ईया. निळे घुमट, पांढऱ्या गल्ल्या, पिठाच्या गिरणीसारखी ती पवनचक्की, सगळं त्या वेळी जवळजवळ रिकामं असतं. दुकानदार दारापुढची फरशी पाण्याने धूत असतात, मांजरी भिंतीवर पसरलेल्या असतात. तासाभरात निघायचं. वाटेत इमेरोविग्लीला थांबून कड्यावरून खाली बघायचं. मग बेटाच्या पोटातून दक्षिणेकडे आक्रोतिरी, तिथे सव्वा ते दीड तास. परतताना मेगालोहोरी किंवा एम्पोरिओ यांपैकी एक गाव, आणि शेवटी डोंगरावरचं पिर्गोस गाव.

दुपारची टूर असेल तर उलटं करा: आधी आक्रोतिरी, मग गावं, मग द्राक्षमळा, आणि सूर्यास्त. पण आक्रोतिरी बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आठवड्याचे वारही बदलतात. तारीख पक्की करण्याआधी ते तपासायला सांगा.

एम्पोरिओबद्दल दोन शब्द जास्त. बहुतेक टूर ते गाळतात, कारण ते कड्यावर नाही, बेटाच्या आतल्या बाजूला आहे. जुन्या गावाचा मधला भाग म्हणजे चाच्यांच्या भीतीने बांधलेला कोट: घरांच्या बाहेरच्या भिंती एकमेकींना जोडून तटबंदी केलेली, आत जायला अरुंद वाट, डोक्यावर कमानी, जिने कुठे संपतील सांगता येत नाही. पोस्टकार्डावरचं सँटोरिनी बघून झालं की हे बघा. लोक इथे समुद्राकडे पाठ करून का राहत होते ते लगेच ध्यानात येतं. कड्यावर घरं बांधून समुद्राकडे तोंड करणं ही नंतरची चैन.

प्रोफितिस इलियास हा बेटाचा सर्वात उंच डोंगर, ५६७ मीटर. वर मठ आहे आणि गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. हवा स्वच्छ असेल तर पूर्ण बेट नकाशासारखं पायाखाली दिसतं. ढग असतील तर तिकडे जाऊ नका.

आम्ही क्रूझने येतोय. जहाजाची सहल घ्यावी की स्वतंत्र?

आधी जहाजाची रीत समजून घ्या. चंद्रकोरीसारख्या या बेटाच्या कुशीतला समुद्र इतका खोल आहे की मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर आणतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना बहुधा आथिनिओसला उतरवतात, तिथे बस उभी असते. स्वतंत्र फिरणाऱ्यांना फिऱ्याखालच्या जुन्या बंदरात उतरवतात. तिथून वर यायला तीन वाटा: केबल कार, जवळपास सहाशे पायऱ्या, किंवा गाढव.

केबल कारची फेरी मिनिटांत होते, पण एका बाजूला सहा डबे आणि डब्यात सहा माणसं. म्हणजे एका खेपेला ३६. आता एका दिवशी तीन जहाजं लागली आहेत असं धरा आणि पुढचा हिशेब स्वतः करा. २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून माणशी शुल्कही आहे, भर हंगामात २० युरो. ते बहुधा जहाजाच्या बिलातच लागतं.

माझा सल्ला: जहाज सात-आठ तास थांबणार असेल तर स्वतंत्र खासगी टूर घ्या, पण पहिल्या बोटींतून उतरा आणि गाइडला वर केबल कारच्या दाराशीच भेटायला सांगा. परतताना शेवटच्या बोटीच्या दीड-दोन तास आधी केबल कारच्या रांगेत उभे राहा. जहाज पाच तासच थांबणार असेल तर मुकाट्याने जहाजाची सहल घ्या. ती उशिरा पोहोचली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुम्ही स्वतंत्र गेलात तर तुमच्यासाठी कुणी थांबत नाही.

गाढवावरून जाऊ का? मुलं हट्ट धरतात.

नको. २०१८ मध्ये ग्रीसने नियम केला की या जनावरांवर १०० किलोंहून, किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घालायचा नाही. नियम करावा लागला यातच काय ते आलं. शिवाय गुळगुळीत पायऱ्यांवर शेणाचा सडा आणि एका बाजूला कठडा. मुलांना केबल कारही तेवढीच आवडते.

आक्रोतिरीत बघण्यासारखं काय आहे? ‘ग्रीक पाँपे’ म्हणतात ते हेच का?

हेच, पण राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपे शहराहून सुमारे सतराशे वर्षं जुनं. इसवी सनपूर्व १६०० च्या आसपास इथला ज्वालामुखी फुटला आणि ब्राँझयुगातलं हे बंदर-शहर राखेखाली गाडलं गेलं. १९६७ मध्ये स्पिरिदॉन मारिनातोस यांनी पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. हा उद्रेक आणि क्रीटमधल्या मिनोअन संस्कृतीचा ऱ्हास यांचा संबंध असावा, असं त्यांनी १९३९ मध्येच मांडलं होतं. १९७४ मध्ये याच जागी काम चालू असताना त्यांचा मृत्यू झाला.

पाँपेशी मोठा फरक हा की इथे माणसांचे सांगाडे पडलेले नाहीत. आधी भूकंप झाले, लोकांनी राडारोडा बाजूला केला, दुरुस्तीला हात घातला आणि मग जमिनीने पुन्हा इशारा दिल्यावर ते निघून गेले. दागदागिने जवळपास सगळे सोबत नेले. मागे राहिले ते रांजण, चुली, दगडी जिने. लाकडी सामान कुजून गेलं, पण राखेत त्याचे साचे उरले. त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून पलंग आणि तीन पायांचं कोरीव मेज परत उभं केलं आहे.

चांगला गाइड तुम्हाला एका भिंतीशी थांबवेल आणि वरच्या मजल्यावरचा संडास दाखवेल. तिथून मातीचा नळ भिंतीतून खाली येतो आणि रस्त्याच्या फरशीखालच्या गटाराला मिळतो. हडप्पाची गटारं शाळेत पाठ केलेल्या आपल्या माणसांचे डोळे इथे हमखास चमकतात. मी दुसऱ्यांदा गेले ती परवानाधारक गाइड घेऊन. तिने आईला रांजणांची रांग दाखवून विचारलं, यातल्या कुठल्यात काय ठेवत असतील, सांगा बघू? आईने धान्याचा ओळखला. तेलाचाही ओळखला, तोटीवरून. मग पुढचा तासभर आई पुढे आणि आम्ही मागे.

वर जे छप्पर आहे तेही विचारून घ्या. याआधी घातलेलं छप्पर २००५ मध्ये कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला. त्यानंतर ही जागा २०१२ पर्यंत बंद होती. आताचं छप्पर पूर्ण जागेवर आहे, त्यामुळे भर दुपारीही आत सावली असते.

ती प्रसिद्ध भित्तिचित्रं तिथेच दिसतात ना?

नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. चित्रं काढून नेऊन जपली आहेत: काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, काही फिऱ्यातल्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात (थिरा हे या बेटाचंच दुसरं नाव). लिली आणि पाकोळ्यांचं ‘वसंत’ चित्र अथेन्सला आहे. फिऱ्यात निळी माकडं आहेत, आणि १९९९ मध्ये सापडलेला सोन्याचा इवलासा रानबोकडही.

माकडांशी थांबाच. एजियन बेटांवर माकडं नव्हती. मग चित्रकाराने ती कुठे पाहिली? बरीच वर्षं उत्तर होतं, इजिप्तमार्गे आलेली आफ्रिकी माकडं. २०२० च्या सुमारास काही संशोधकांनी म्हटलं की शेपट्या वर उचलून वळवण्याची ही ढब आपल्या लंगूर वानरांची आहे. म्हणजे सिंधूच्या खोऱ्याकडून मेसोपोटेमियामार्गे व्यापारात ही माकडं, निदान त्यांची ओळख, पश्चिमेकडे पोहोचली असावी. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. पण ज्याने सप्तशृंगीच्या वाटेवर वानरांना प्रसादाची पिशवी पळवताना पाहिलंय, त्याने ती शेपूट एकदा नीट बघावी आणि स्वतःचं मत बनवावं.

संग्रहालय छोटं आहे, पाऊण तासात होतं. टूरमध्ये बसत नसेल तर संध्याकाळी स्वतः जा; फक्त साप्ताहिक सुट्टी कधी ते बघा.

गाइड ‘अटलांटिस’ म्हणतात ते खरं का?

गाइडची पारख करायला चांगला प्रश्न आहे. “हो, हेच अटलांटिस” असं जो छातीठोक सांगतो त्याच्या बाकीच्या गोष्टीही थोड्या चाळून घ्या. समुद्रात बुडालेल्या बेटाची जी कथा प्लेटोने लिहिली तिचा या उद्रेकाशी संबंध जोडणारी मंडळी आहेत, पुरावा नाही.

हे लोणारसारखंच विवर आहे का?

दिसायला गोल म्हणून तसं वाटतं. लोणार उल्कापाताने झालं, हे ज्वालामुखीने. उद्रेकात पोटातला शिलारस बाहेर पडला, पोट रिकामं झालं आणि वरचं छप्पर खाली बसलं. त्या खळग्यात समुद्र शिरला. त्याला काल्देरा म्हणतात, मोठ्या कढईसाठीच्या शब्दावरून. उरलेली कड म्हणजे आजचं चंद्रकोरीसारखं बेट. कड्यातले काळे, तांबडे थर सह्याद्रीत वाढलेल्यांना ओळखीचे वाटतील. नवा वाटेल तो सगळ्यांत वरचा पांढुरका जाड थर, जणू कुणी साय धरलीय. तीच ती राख. सिमेंटमध्ये पाण्याखालीही घट्ट राहते म्हणून एकोणिसाव्या शतकात ती सुएझ कालव्याच्या बांधकामाला नेली. त्या खाणी खणताना जुने अवशेष दिसू लागले. मुंबईहून लंडन जवळ करणाऱ्या कालव्यात या बेटाची माती आहे, हे मी प्रत्येक गटाला सांगते. गाइड सांगत नाहीत, त्यांना त्याचं काय?

ज्वालामुखी जिवंत आहे? २०२५ मध्ये भूकंप झाले होते ना?

जिवंत आहे. मधल्या नेआ कामेनी बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० चा. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनी आणि शेजारचं अमोर्गोस बेट यांच्यामध्ये हजारो लहान-मध्यम धक्के बसले, सर्वांत मोठा ५.३ चा. अकरा हजारांहून अधिक लोक काही काळ बेट सोडून गेले, शाळा बंद ठेवल्या. जमिनीखाली शिलारस सरकल्याने ते झालं असं नंतरच्या अभ्यासात निघालं. मग धक्के ओसरले आणि हंगाम सुरू झाला. प्रवास विमा घ्या, निघण्याआधी बातम्या बघा, यापलीकडे आपल्या हातात काही नाही.

वयस्क गाइड किंवा ड्रायव्हर भेटला तर ९ जुलै १९५६ च्या भूकंपाबद्दल विचारा. पन्नासहून अधिक माणसं गेली, असंख्य घरं पडली आणि कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेली. आज ज्या गुहा-घरांचं एका रात्रीचं भाडं ऐकून आपण दचकतो, ती तेव्हा गरिबांची होती आणि नंतर बरीच वर्षं ओस पडलेली.

ज्वालामुखीवर प्रत्यक्ष चढायचं असेल तर त्याची बोटीची सहल वेगळी असते. पाच तासांच्या गाडीच्या टूरमध्ये ती कोंबू नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचं काय?

ग्रीसमध्ये शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही, आणि याला कारण त्यांचे उपवास. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले बरेच दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर कुणी मासे पुढे करेल. ‘निस्तीसिमो’ म्हटल्यावर स्वयंपाकघराला नेमकं कळतं. सावधगिरी एवढीच की त्यांच्या उपवासाला कालवं, कोळंबी चालते. तेवढं आधीच नाही म्हणून सांगा.

बेटाचे स्वतःचे दोन पदार्थ. पहिला ‘तोमातोकेफ्तेदेस’, टोमॅटोची भजी. इथला टोमॅटो बोराएवढा, पावसाविना वाढलेला, म्हणून चव आटीव. पीठ लावून, पुदिना-कांदा घालून तळतात. फक्त आलं-मिरची नसते, तेव्हा पिशवीतली चटणी काढायला लाजू नका.

दुसरा ‘फावा’. नावावरून बाकला वाटतो, पण ही डाळ वेगळी: आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. शिजवून, घोटून, वर ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा, लिंबू. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “थंड झालेलं घट्ट वरण!” मग भाताची चौकशी सुरू झाली. भात भरलेल्या टोमॅटो-ढोबळीत असतो, ‘येमिस्ता’ मागा, पण खिमा नाही ना ते विचारून.

जैन जेवण मात्र टूरवर मिळेल असं गृहीत धरू नका. डबा न्या.

वाइन पीत नाही. तरी द्राक्षमळा का बघावा?

वेलीसाठी. नाशिक-सांगलीकडचे लोक मांडवाची सवय घेऊन येतात आणि इथे जमिनीवर टोपल्या पडलेल्या दिसतात. जवळ जाऊन बघितलं की कळतं, टोपली म्हणजेच वेल. दरवर्षी छाटणीत फांद्या गोल विणत जातात, ‘कुलुरा’ म्हणतात त्याला, आणि द्राक्षं आत, जमिनीलगत धरतात. वाऱ्यापासून आणि उन्हापासून आडोसा होतो. ठिबक नाही, पाट नाही; समुद्रावरून येणारं धुकं आणि रात्रीचं दव सच्छिद्र माती धरून ठेवते. युरोपभर द्राक्षबागा संपवणारी फिलॉक्सेरा कीड या मातीत टिकली नाही. त्यामुळे इथल्या वेली कलमाविना स्वतःच्याच मुळांवर आहेत, काहींची मुळं शतकाहून जुनी. डॉगरीज खुंटावर कलम करणाऱ्या आपल्या एका बागायतदाराने तिथे गुडघे टेकून वेलीचं खोड हाताने चाचपलं आणि अर्धा तास हलला नाही. त्या दिवशी सूर्यास्त हुकला. त्याला चालला.

द्राक्षाचं नाव आसिर्तिको. चव घेणार असाल तर तीन ग्लास पुरेत, पुढे घाट आहे.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

आक्रोतिरी जमतं, उतारवजा वाटा आहेत, चाकाची खुर्चीही जाते. मेगालोहोरीचा चौकही सोपा. ईयाची मुख्य गल्ली सपाट, पण ती सोडली की जिने. पिर्गोसचा माथा आणि ईयाखालचं अमूदी बंदर टाळा. गाडी दारापर्यंत जात नाही, हे ईयाबाबत आधीच घरी सांगून ठेवा.

मुलांसाठी कार सीट?

बुकिंग करताना वय आणि वजन सांगून मागा. आयत्या वेळी मिळत नाही.

सूर्यास्त ईयालाच बघायचा ना?

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर दिवाळीच्या सुट्टीत कधी गेला आहात? तेच. फक्त तिथे निदान मका मिळतो. ईयाच्या जुन्या किल्ल्यावर लोक दोन-दोन तास आधी जागा धरून बसतात आणि सूर्य बुडाला की सगळे एकाच गल्लीतून एकाच वेळी बाहेर निघतात. पिर्गोसचा माथा किंवा आक्रोतिरीचा १८९२ चा दीपस्तंभ, दोन्हीकडून तोच सूर्य दिसतो. जूनअखेरीस तो साडेआठनंतर मावळतो, डिसेंबरात पाचच्या सुमारास. टूरची वेळ त्यावरून धरा.

निळ्या घुमटावर चढून फोटो काढता येतो का? ड्रोन?

घुमट म्हणजे चर्चचं छप्पर आणि शेजारची गच्ची कुणाचं तरी घर. ईयाच्या लोकांनी कंटाळून पाट्या लावल्या होत्या: सुट्टी तुमची असेल, घर आमचं आहे. वाटेवरूनच फोटो काढा. पुरातत्त्व स्थळांवर ड्रोन नाही. प्री-वेडिंगवाल्यांनी सकाळी सातला उठावं, दुसरा उपाय नाही.

रेड बीच टूरमध्ये असतो का?

दरड कोसळण्याचा धोका आहे. लांबून, वरच्या टोकावरून बघा आणि निघा.

कोणता महिना?

मे किंवा सप्टेंबरअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि उत्तरेचा मेल्तेमी वारा. टोपी उडते, साडी सांभाळता येत नाही आणि कधी कधी बोटी रद्द होतात. म्हणून मुंबईचं विमान असेल त्याच दिवशी सँटोरिनीहून निघू नका, आदली रात्र अथेन्सला काढा.

व्हिसा?

शेंगेन. प्रौढांना शुल्क ९० युरो. इस्तंबूलहून क्रूझने येणार असाल तरी लागतोच.

टिप किती?

सक्ती नाही. काम आवडलं तर द्या. गाइड आणि ड्रायव्हर वेगळे असतील तर दोघांना वेगवेगळी द्या.

नळाचं पाणी? स्वच्छतागृह?

पाणी बाटलीचं प्या. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा. पाइप बारीक आहेत.

गाइड हिंदी-मराठी बोलतात का? ग्रीक थोडं यायला हवं का?

नाही, इंग्रजीवरच भागवायचं. ‘कालिमेरा’ म्हणजे सुप्रभात, ‘एफ्हारिस्तो’ म्हणजे धन्यवाद, एवढं पुरे. पण एक शब्द पाठ करून जा: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आईने पिर्गोसच्या हॉटेलात विचारलं, “नो एग?” मालकीणबाई हसून म्हणाल्या, “ने, ने.” आई मला म्हणाली, “बघ, नाही म्हणतेय बिचारी,” आणि खायला बसली. आत काय होतं ते आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.